‘इन्फर’ला तीन सह्या

माणसाचं वाटोळं व्हायला दारू, जुगार किंवा निवडणूक असं काहीतरी भारदस्त कारण लागतं, असा माझा समज होता. माझं एका क्रियापदानं झालं. तेही इंग्रजी. दुसऱ्या कोणाची अशी गत झाली असती तर मी पोट धरून हसलो असतो. पण गत माझी झाल्यामुळे हसण्याचं काम शेजाऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

मी एका प्रकाशन संस्थेच्या शब्दकोश विभागात सहायक संपादक आहे. विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-मराठी कोश तयार करण्याचं काम चालू आहे, आणि मी नोकरीला लागलो तेव्हाही ते चालूच होतं. लोकांना वाटतं, यांचं काय, पंख्याखाली बसायचं आणि अर्थ लिहायचे. अर्थ लिहायला काय लागतं? ते आधीच्या कोशातून घेता येतात. आधीच्यांनीही तेच केलेलं असतं. खरं घोडं अडतं ते उदाहरणाच्या वाक्यापाशी. आमच्या मोठ्या साहेबांचा, म्हणजे मुख्य संपादकांचा, दंडक असा की प्रत्येक शब्दाला एक ताजं, घरगुती, दुसऱ्या कुठेही न छापलेलं वाक्य हवं. शिवाय ते वाक्य कचेरीबाहेरच्या तीन माणसांनी वाचून चिठ्ठीच्या खाली ‘समजले’ अशी सही केली पाहिजे. तीन सह्या नसतील तर शब्द टेबलावरून हलत नाही.

तीनपैकी एक सही अर्थातच आमच्या हिची. कोशाची पहिली आठ अक्षरं हिच्या सह्यांवर उभी आहेत. सुरुवातीला ती पूर्ण नाव लिहायची, पुढे आद्याक्षरांवर आली आणि हल्ली भाजी चिरता चिरता डाव्या हातानं एक रेघ ओढते. वाक्य वाचत नाही. दुसरी सही आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींची. ते मात्र वाचतात, आणि वाचून सुधारणा सुचवतात. तिसऱ्या सहीसाठी मला दर वेळी कोणीतरी धरून आणावं लागतं. मला पाहून इस्त्रीवाला आता दुकानाचं दार अर्धं ओढून घेतो.

तर एका सोमवारी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं आणि ‘इन्फर’ हा शब्द माझ्या हवाली केला.

“सोपा समजू नका,” ते म्हणाले. “दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणारी गोष्ट ओळखणं, अनुमान काढणं. पुरावा हवा, आणि पुराव्यातून ती गोष्ट निघायला हवी. नुसता अंदाज म्हणजे अनुमान नव्हे. आणि ‘इम्प्लाय’शी गल्लत करू नका. सुचवतो तो बोलणारा. अनुमान काढतो तो ऐकणारा. अर्धं जग इथे चुकतं.”

“डोंगरावर धूर दिसतो, यावरून तिथे आग असली पाहिजे,” मी चटकन म्हणालो. तयारी दिसावी हा हेतू.

“धूर नको!” साहेबांनी चष्मा काढला. “सगळ्यांनी धूरच लिहिलाय. घरातलं काहीतरी शोधा. डोळे उघडे ठेवा.”

डोळे उघडे ठेवा, हा सल्ला त्यांनी द्यायला नको होता. माझे डोळे मिटलेले असतात तोवर घर सुरळीत चालतं. पण साहेबांचा शब्द म्हणून मी तो मनावर घेतला.

आता आमच्या ताईबद्दल सांगायला हवं, कारण जे काही व्हायचं ते तिचंच व्हायचं होतं. ताई माझ्याहून बरीच मोठी. इस्पितळात ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स म्हणून निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली. मोठमोठे सर्जन तिच्याकडे कात्री मागताना ‘प्लीज’ म्हणत असत असं ती सांगते, आणि तिच्याकडे पाहिल्यावर ते खोटं वाटत नाही. तिचं लग्न राहून गेलं. राहून गेलं असं आपलं आम्ही म्हणतो. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. आधी माझं शिक्षण, मग माझी नोकरी, मग माझं लग्न, असं करता करता तिचं जे बाजूला ठेवलं गेलं ते पुन्हा कोणी उचललंच नाही. मीसुद्धा नाही.

निवृत्त झाली तरी हाताला काम हवं म्हणून ताई दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत इमारतीतल्या लोकांचा रक्तदाब तपासायची. तिच्याकडे पाऱ्याचं जुनं यंत्र आहे. नव्या यंत्रांवर तिचा विश्वास नाही. ती माणसाच्या मनासारखं सांगतात असं तिचं म्हणणं. नव्याची नवलाई संपल्यावर लोक यायचे कमी झाले. एक गृहस्थ मात्र चुकले नाहीत. मागच्या गल्लीत राहणारे, मोजणी खात्यात नकाशे काढण्यात जन्म घालवलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशी. आम्ही त्यांना नकाशेवाले म्हणत असू. कमी बोलायचे आणि मोजून बोलायचे. दर रविवारी येऊन बाही गुंडाळायचे, हात पुढे करायचे. रक्तदाब पुस्तकात छापावा इतका ठीक निघायचा. मग चहा घ्यायचे, ताईशी हवापाण्यावर बोलायचे, आणि “येतो सिस्टर” म्हणून उठायचे ते जेवणाची वेळ झाल्यावर.

एका रविवारी ते गेल्यावर हिनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

“अहो, काही कळतंय का?”

“काय?”

“ठणठणीत माणूस दर रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून रक्तदाब तपासायला कशाला येईल?”

मी विचार केला. “शर्टाचा काय संबंध?”

हिनं कपाळाला हात लावला. “ताईंनी काल नवी चौकट घातली चष्म्याला. इतकी वर्षं दोरा बांधून चालवत होत्या. जमत आलंय हो! दोघंही लाजाळू आहेत, हळूहळू बोलतील. तुम्ही फक्त मध्ये तोंड घालू नका. तुमचं तोंड उघडलं की…” वाक्य तिनं तिथेच सोडलं. आमच्या संसारात पुष्कळ वाक्यं तिथेच सुटतात.

मला किती आनंद झाला ते कसं सांगू? त्या दिवशी मी ताईच्या खोलीवरून दोनदा उगाच गेलो. माझ्या मनावरचा जुना दगड कोणीतरी आपणहून उचलत होतं, आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. इतकं सोपं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

पण ‘इन्फर’ला वाक्य सुचत नव्हतं. आठवडा गेला. शेजारचे सहायक संपादक ‘इन्फर’च्या पुढे कितीतरी मजल मारून गेले. डोळे उघडे ठेवून मी घरभर हिंडत होतो, आणि उघड्या डोळ्यांना रक्तदाबाखेरीज काही दिसत नव्हतं. शेवटी मी लिहिलं:

‘एका गृहस्थांचा रक्तदाब दर वेळी उत्तम निघतो, तरी ते दर रविवारी तपासून घ्यायला येतात, यावरून त्यांच्या घरी वाट पाहणारे कोणी नसावे, असे अनुमान निघते.’

इथे वाचकांनी माझी बाजू समजून घ्यावी. खरं अनुमान काय ते मला आता ठाऊक होतं. पण ते लिहिणं म्हणजे ताईचं नाव चव्हाट्यावर आणणं. म्हणून मी मुद्दाम, पूर्ण विचार करून, तिच्या अब्रूसाठी दुसरंच अनुमान लिहिलं. शिवाय चिठ्ठी नकाशेवाल्यांच्या नजरेस पडण्याचा प्रश्न नव्हता. हिची रेघ मिळाली, सेक्रेटरींकडे चिठ्ठी दिली, तिसऱ्या सहीला इस्त्रीवाल्याला गाठायचं ठरवलं. यापेक्षा जास्त काळजी कोणी घेतली असती असं मला वाटत नाही.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. बाहेरच्या खोलीत नकाशेवाल्यांच्या दंडाला पट्टा बांधून ताई हवा भरत होती. दार उघडंच होतं. सेक्रेटरी चिठ्ठी परत द्यायला आले. मी दिसेना. समोर रिकामा बसलेला, शिकलेला, कचेरीबाहेरचा माणूस दिसला.

“अरे वा, तिसरी सही इथेच आहे की!” सेक्रेटरींचा आवाज मला साबणातून ऐकू आला. “वाचा आणि सही ठोका साहेब. आमच्या शब्दवाल्यांचं काम अडलंय.”

मी तसाच, अर्ध्या गालावर फेस घेऊन धावलो. उशीर झाला होता. नकाशेवाल्यांनी जन्मभर सीमेच्या नकाशांवर सह्या केलेल्या. वाचल्याशिवाय सही करणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांनी एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उजवा हात मोकळा होता त्यानं शांतपणे ‘समजले’ असं लिहून खाली सही केली. सुंदर अक्षर.

“हालू नका,” ताई म्हणाली. तिची नजर पाऱ्यावर होती. मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या, हवा सोडली, पुन्हा भरली. “हे काय? आज एवढा कसा वर गेला?”

“असं होय,” नकाशेवाले म्हणाले. त्यांनी पट्टा स्वतःच सोडवला, बाही खाली केली, मनगटाशी बटण लावलं. चहाचा कप तसाच होता. “येतो सिस्टर.” माझ्याकडे पाहून त्यांनी मान लववली. ती नुसती लववली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी ती अतिशय सभ्यपणे लववली, आणि मी गालावर फेस घेऊन उभा होतो.

ताईनं टेबलावरची चिठ्ठी उचलली. वाचली. मग माझ्याकडे असं पाहिलं की मला थिएटरमधल्या सर्जन लोकांची दया आली.

“हे काय लिहिलंस तू?”

“ताई, ऐक. मी काही सुचवलं नव्हतं. त्यांनी अनुमान काढलं. सुचवतो तो बोलणारा, अनुमान काढतो तो वाचणारा. या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. अर्धं जग इथे—”

“दाढी पुरी कर,” ताई म्हणाली आणि यंत्राची पेटी बंद केली. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त जरुरीपुरतं बोलू लागली, आणि तिला माझी जरूर फारशी पडत नाही हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी नकाशेवाले आले नाहीत. ताईनं टेबल पुसलं, पेटी उघडून ठेवली, खुर्ची मांडली. दुपारी पेटी बंद केली. जेवताना ती नेहमीपेक्षा ताठ बसली होती. हिनं माझ्या ताटात वाढलं ते चमचा आपटून. तीन सह्या झाल्या म्हणून सोमवारीच मी सवयीनं चिठ्ठी कचेरीत जमा करून बसलो होतो. आता ठरवलं की काय वाटेल ते होवो, ते वाक्य कोशातून मागे घ्यायचं.

कचेरीतल्या नोंदणी कारकुनासमोर मी उभा राहिलो. त्यानं आधी डबा बंद केला, मग तोंड पुसलं, मग मान वर केली.

“कारण?”

“घरगुती.”

“घरगुती कारणावर रजा मिळते. शब्द परत मिळत नाही.” त्यानं खणातून नियमांचं भेंडोळं काढलं. “तीन सह्या झालेलं वाक्य मागे घ्यायचं असेल तर ते चुकीचं पाहिजे, चोरीचं पाहिजे, नाहीतर अश्लील पाहिजे. तुमचं कशात बसवू?”

मी थोडा वेळ अश्लीलवर विचार केला, खोटं कशाला सांगू? पण नोकरी टिकवायची होती. “चुकीच्यात,” मी म्हणालो.

“मग सही करणाऱ्यांपैकी एकानं लेखी द्यायचं की मला तेव्हा समजलं नव्हतं.”

बसा बोंबलत. हिला विचारलं तर म्हणाली, “मी वाचलंच नव्हतं, तर समजलं नव्हतं असं तरी कुठल्या तोंडानं लिहू? खोटी सही मी करत नाही.” सेक्रेटरी तर खवळलेच. “मला समजलं नाही असं लिहून देऊ? शब्दवाले, पुढच्या वर्षी मला पुन्हा उभं राहायचंय!” उरले नकाशेवाले. त्यांना जाऊन सांगायचं, की साहेब, आपल्याला माझ्या बहिणीबद्दल काही वाटत असेल तर कृपया आपल्याला काही समजलं नव्हतं असं लिहून द्या. इतका निर्लज्ज मी अजून झालो नव्हतो. पुढे झालो, पण ते पुढे.

शेवटचा उपाय म्हणून मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो. मी तोंड उघडण्याआधीच ते खुर्चीतून अर्धे उठले.

“अहो, काय वाक्य लिहिलंत! मी अभिनंदन करणारच होतो. यात अनुमान आहे, आणि ते अनुमान कच्चं आहे याची शंकाही आहे. तो गृहस्थ दुसऱ्याच एखाद्या कारणासाठी येत असेल, असं हुशार मुलाच्या मनात येईल की नाही? वर्गात चर्चा होईल! मी ते नमुना पानावर घेतलंय. सगळ्या शाळांना पान रवाना झालं.”

माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मोठ्या साहेबांनी मला उठून दाद दिली ती ही एकदाच. मी खाली मान घालून बाहेर आलो. लोकांना तो विनय वाटला.

माझ्या वाट्याची नमुना पानाची प्रत मी पिशवीच्या तळाशी, छत्रीखाली दडवून घरी आणली. पण सेक्रेटरींची पत्नी शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या फळ्यावर, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, नमुना पान झळकत होतं. माझ्या वाक्याखाली लाल रेघ आणि वर सेक्रेटरींच्या अक्षरात: ‘आपल्या इमारतीतील घटना शब्दकोशात. सर्वांचे अभिनंदन.’

त्या रविवारी ताईकडे रक्तदाब तपासायला अशी झुंबड उडाली की जिन्यात रांग लागली. ज्यांनी वर्षभर हात पुढे केला नव्हता ते दोन्ही हात घेऊन आले. सगळ्यांचा एक डोळा पाऱ्यावर आणि एक रिकाम्या खुर्चीवर. आणि प्रत्येकाचं स्वतःचं अनुमान तयार. एकाला वाटलं, मुलानं परदेशातून डोळे वटारले असतील. एक बाई म्हणाल्या, नकाशेवाल्यांना खरंच रक्तदाब असेल आणि ते लपवत असतील. सल्ले तर विचारू नका. माफीचं पत्र लिहा, पत्र मुळीच लिहू नका, ते पुरावा होतं, फुलं पाठवा, फुलं नको, फळं पाठवा, आजारी माणसाला फळं बरी. एकानं तर मलाच खुर्चीत बसवून माझाच रक्तदाब बघायला लावलं, आणि आकडा ऐकून सगळे समाधानानं घरी गेले.

हे सगळं मी सोसलं. एक मात्र सोसवलं नाही. जिन्यातून खाली जाताना पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. ते सेक्रेटरींना सांगत होते, “सरळ आहे हो. भावानं मुद्दामच लिहिलं. घर सांभाळायला, आजारपण काढायला फुकटची बहीण मिळालीय. ती हातची जाऊ द्यायची नव्हती त्याला.”

मी कठडा धरून तिथेच उभा राहिलो. असं नाही, असं नाही, हे मी मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलं. पण ज्या माणसाला इतकी वर्षं बहिणीचं लग्न करून द्यायचं सुचलं नाही, त्यानं जिन्यात उभं राहून ‘असं नाही’ म्हणण्यात कितीसा जोर असणार? पुरावा त्यांच्याकडे होता. माझ्याकडे नुसता हेतू होता, आणि हेतू कोणाला दिसत नाही. मला त्या शब्दाचा पुरता अर्थ कळला तो त्या पायरीवर.

मग मी निर्लज्ज झालो. नवी चिठ्ठी घेतली आणि ‘इन्फर’लाच आणखी एक वाक्य लिहिलं. जुनं निघत नाही तर नवं जोडायला नियम आडवा येत नव्हता:

‘ते गृहस्थ येईनासे झाल्यापासून रविवारी त्या घरात कोणी धड बोलत नाही, यावरून सर्वांना त्यांच्यावाचून चुकल्यासारखे होते, असे अनुमान निघते.’

आणि सहीसाठी चिठ्ठी सेक्रेटरींच्या हाती थेट नकाशेवाल्यांकडे धाडली. हे मी सुचवणंच होतं, उघडउघड. साहेबांनी कितीही शिकवलं तरी माणसावर वेळ आली की तो दोन्ही क्रिया एकदम करू बघतो.

सेक्रेटरी तासाभरानं परत आले. मी, ही आणि ताई बाहेरच्या खोलीतच होतो. “सही केली नाही,” ते म्हणाले. “शेरा मारलाय.”

चिठ्ठीच्या समासात, नकाशावर गावांची नावं घालतात तशा बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘कोणी धड बोलत नाही, याची कारणे इतरही असू शकतात. “सर्वांना” या शब्दास पुरावा दिलेला नाही. वाक्य सिद्ध होत नाही.’

संपलं. मी खुर्चीत बसलो तो उठण्याची इच्छाच होईना. मला वाटलं, आता या घरात ताई अशीच ताठ बसून जेवत राहणार आणि मी तिच्यासमोर माझ्या वाक्यासकट म्हातारा होणार. सेक्रेटरी सांत्वन म्हणून म्हणाले, “अक्षर मात्र काय आहे हो माणसाचं!”

ताईनं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली. ती बराच वेळ वाचत राहिली. एवढंसं तर लिहिलेलं होतं.

“पुरावा मागितलाय,” ती म्हणाली.

“मागितलाय कसला, नाकारलंय त्यांनी,” मी म्हणालो. “यावरून असं निघतं की—”

“तू आता काही काढू नकोस!” ताई थिएटरच्या आवाजात म्हणाली. “तुमचं सगळं यावरून आणि त्यावरून. मी इथे, ते त्या गल्लीत. कोणी एकानं तरी जाऊन विचारलंय का, की का येत नाही?”

तिनं रक्तदाबाची पेटी उचलली, चपला घातल्या आणि निघाली. हिनं मला खिडकीत जाऊ दिलं नाही. सेक्रेटरी जिन्यातल्या खिडकीत गेले, कारण ती खिडकी सार्वजनिक आहे.

ती लवकर येईना. हिनं तेच भांडं तीनतीनदा विसळलं. मी मनात माफीची भाषणं जुळवत होतो आणि एकही धड होत नव्हतं. नकाशेवाल्यांनी दार उघडलं नसेल, दारातूनच परत पाठवलं असेल, ताई कुठल्यातरी बाकावर एकटी बसली असेल, असं काय काय माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. आपल्यामुळे बहिणीला या वयात अपमान गिळावा लागतोय या विचारानं मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई आली. पेटी टेबलावर ठेवली. भांडंभर पाणी प्यायली, सगळं.

“रागावले होते ना?” मी विचारलं.

“नव्हते.”

“मग येत का नव्हते?”

ताई खुर्चीवर बसली. “लाज वाटली म्हणाले. तू लिहिलंस ते खरंच होतं. घरी वाट बघणारं कोणी नाही, हे आपल्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसतं हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणाले, सिस्टर, मला वाटायचं मी चांगला इस्त्रीचा शर्ट घालून येतो. तुम्ही मंडळी कीव येऊन मला बसवून घेत होतात हे कळल्यावर त्याच शर्टात परत कसा येऊ?”

रागावलेल्या माणसाची माफी मागता येते; त्याची तयारी मी केली होती. मी एका भल्या माणसाला त्याचं एकटेपण लिहून दाखवलं होतं आणि वर ‘समजले’ म्हणून त्याची सही घेतली होती. याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

“मग तुम्ही काय म्हणालात?” हिनं विचारलं.

“मी म्हटलं, पुरावा हवाय ना, बांधा पट्टा माझ्या हाताला. त्यांना येत नव्हतं. हवा कशी भरायची, कुठे ऐकायचं, सगळं शिकवलं. मग म्हटलं, आता बघा पारा, आणि सांगा ही बाई कीव करायला आलीय का.”

“किती आला?” मी विचारलं.

“तुला काय करायचंय?” ताई म्हणाली. साठीला टेकलेली माझी बहीण कानापर्यंत लाल झाली होती. “बराच वेळ ऐकत बसले. मोजणी खात्यातला माणूस, दोनदा मोजलं त्यांनी. मग म्हणाले, सिस्टर, वाक्य सिद्ध होतं. मी म्हटलं, तेवढं सिस्टर म्हणायचं आता सोडा.”

हिनं ताईला मिठी मारली. दोघी एकदम बोलायला लागल्या. पुढच्या महिन्यात विवाह नोंदणी कचेरीत जाऊन साधंसं लग्न करायचं, कोणाला बोलावायचं, कोणती साडी. ताई सांगत होती की त्यांच्या घराच्या खिडक्यांना पडदेच नाहीत, आणि स्वयंपाकघरात एकच पातेलं आहे, आणि आपण जाऊन आधी ते सगळं बघितलं पाहिजे. जाऊन. मला तो शब्द ऐकू आला आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की ताई आता इथे राहणार नाही.

मला फार आनंद झाला होता. तो खरा होता. त्यात काही खोट नव्हती. पण मी शाळेतून आलो, कॉलेजातून आलो, नोकरीवरून आलो, त्या प्रत्येक वेळी ती ड्यूटीवरून कितीही दमून आलेली असली तरी, या जगात माझी वाट बघणारं ते एक माणूस होतं, आणि ते माणूस आता दुसऱ्याच्या घरी जाऊन वाट बघणार होतं. तसंच व्हायला हवं होतं. फार पूर्वीच व्हायला हवं होतं. माझ्या चष्म्याआडून धार लागली.

ताईनं बोलता बोलता माझ्याकडे पाहिलं आणि उठून माझ्याजवळ आली.

“डोळे पूस आधी,” ती हळूच म्हणाली. “जिन्यात सेक्रेटरी उभे आहेत. त्यांनी काही भलतंच ठरवायला नको.”

मी डोळे पुसले. तिचे पुसायचे राहिले होते, ते मी तिला सांगितलं नाही.